उच्च-मध्यम पातळीचे इंग्रजी : मराठी भाषकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उच्च-मध्यम पातळी म्हणजे नेमकी कोणती पातळी?

युरोपीय परिषदेने 2001 साली भाषाज्ञान मोजण्यासाठी एक सामायिक चौकट प्रसिद्ध केली. तिच्यात ए-वनपासून सी-टूपर्यंत सहा पायऱ्या आहेत आणि त्यांतली चौथी पायरी, म्हणजे बी-टू, ही उच्च-मध्यम पातळी होय. या पायरीवरच्या माणसाला आपल्या क्षेत्रातली तांत्रिक चर्चा समजते, मूर्त आणि अमूर्त अशा दोन्ही विषयांवरच्या गुंतागुंतीच्या लेखनाचा गाभा कळतो, एखाद्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मांडून स्वतःचे मत सांगता येते, आणि इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे अशा लोकांशी बोलताना दोघांपैकी कोणालाही फारसा ताण पडत नाही. परीक्षांच्या हिशेबात सांगायचे तर केंब्रिजच्या मोजपट्टीवर 160 ते 179 गुण, किंवा आयईएलटीएस या इंग्रजीच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेत साधारण 5.5 ते 6.5 बँड, असा हा टप्पा आहे.

महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत 2000 सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाऊ लागले. त्याआधीच्या पिढीने ते पाचवीत सुरू केले. दोन्ही पिढ्यांत एक गोष्ट समान आढळते. पदवीपर्यंत पोहोचलेल्या पुष्कळ मराठी भाषकांचे वाचन बी-टूच्या आसपास असते, बोलणे मात्र एक पायरी खाली असते. म्हणून 'माझी पातळी कोणती' हा प्रश्न वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण यांसाठी वेगवेगळा विचारावा.

बी-वनपासून बी-टूपर्यंत जायला किती वेळ लागतो?

केंब्रिजच्या अंदाजानुसार अगदी सुरुवातीपासून मोजल्यास बी-वनसाठी 350 ते 400 आणि बी-टूसाठी 500 ते 600 तासांचे मार्गदर्शनाखालचे शिक्षण लागते. मधले अंतर सुमारे दीडशे ते दोनशे तासांचे आहे. रोज एक तास धरला तर पाच ते सात महिने होतात. मात्र हे तास लिहिण्याबोलण्याचे हवेत, वर्गात नुसते ऐकत बसण्याचे नव्हेत.

शाळेत व्याकरण शिकून झाले आहे. ते पुन्हा शिकावे लागेल का?

सगळे नाही. या पातळीवर पोहोचलेल्या माणसाच्या चुका आता विखुरलेल्या नसतात. त्यांतल्या बहुतेक चुका ठरावीक दहाबारा जागी होतात, आणि त्या जागा म्हणजे मराठी वाक्य आणि इंग्रजी वाक्य जिथे एकमेकांपासून फुटतात त्या. एखादा गुजराती किंवा जपानी माणूस याच पातळीवर वेगळ्या चुका करील. त्यामुळे जगभरासाठी छापलेले पाठ्यपुस्तक पहिल्या पानापासून सोडवण्यापेक्षा आपल्या मराठीकडे नीट पाहणे अधिक फळाला येते.

'इंग्रजीतच विचार करा' असा सल्ला सर्रास दिला जातो. ज्याला तो पाळता येतो त्याला त्याची गरज उरलेली नसते, आणि ज्याला गरज असते त्याला तो पाळता येत नाही. मराठी डोक्यातून काढून टाकण्याऐवजी ती कुठे आडवी येते हे ओळखणे जास्त शक्य कोटीतले आहे.

'आय हॅड गॉन टू पुणे यस्टर्डे' यात काय चुकले?

ही मराठी भाषकांची सर्वांत टिकाऊ चूक असावी. 'मी काल पुण्याला गेलो होतो' हे मराठी वाक्य निर्दोष आहे. त्यातला 'होतो' एवढेच सांगतो की जाणे झाले, संपले आणि बोलणारा आता तिथे नाही. इंग्रजीतला पूर्ण भूतकाळ मात्र एकट्याने उभा राहत नाही. त्याला भूतकाळातलीच दुसरी घटना लागते, जिच्या आधी पहिली घटना घडली. 'व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट' या वाक्यात गाडी सुटणे हे स्थानकावर पोहोचण्याच्या आधीचे आहे, म्हणून तिथे 'हॅड' शोभतो. पुण्याला जाणे कशाच्या आधीचे होते? तसे काही सांगायचे नसेल तर 'आय वेंट टू पुणे यस्टर्डे' हेच वाक्य योग्य. 'हॅड' लिहिण्यापूर्वी 'कशाच्या आधी?' हा प्रश्न स्वतःला विचारावा आणि उत्तर मिळाले नाही तर साधा भूतकाळ वापरावा. कार्यालयीन ईमेलमधील 'आय हॅड सेंट यू द फाइल' या वाक्यालाही हीच कसोटी लागू होते.

'सिन्स' आणि 'फॉर' यांचा गोंधळ का होतो?

कारण मराठीत दोन्हींसाठी 'पासून' आहे. आपण 'सोमवारपासून' म्हणतो आणि 'तीन वर्षांपासून' असेही म्हणतो. इंग्रजी मात्र सुरुवातीचा बिंदू आणि कालावधीची लांबी यांत भेद करते : 'सिन्स मंडे', पण 'फॉर थ्री इयर्स'. 'सिन्स थ्री इयर्स' हा प्रयोग म्हणूनच आपल्याकडे इतका ऐकू येतो.

क्रियापदाचीही तीच अडचण आहे. 'मी 2015 पासून ठाण्यात राहतो' या वाक्यात मराठी साधा वर्तमानकाळ वापरते, कारण राहणे आजही चालू आहे. इंग्रजीला त्या राहण्याची भूतकाळातली मुळेही क्रियापदात दाखवावी लागतात, म्हणून 'आय हॅव लिव्ह्ड इन ठाणे सिन्स 2015' किंवा 'आय हॅव बीन लिव्हिंग'. 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स 2015' हे वाक्य समजते, पण परीक्षकाला आणि नोकरीच्या मुलाखतीत समोर बसलेल्याला ते लगेच खटकते.

याच्या उलट एक चूकही होते. 'मी त्याला काल पाहिले आहे' असे मराठीत म्हणता येते, परंतु 'यस्टर्डे', 'लास्ट वीक', 'इन 2019' असा संपलेला काळ वाक्यात स्पष्ट आला की इंग्रजीत 'हॅव सीन' चालत नाही, तिथे 'सॉ' लागतो.

'जर-तर'ची वाक्ये एवढी अवघड का वाटतात?

मराठीची घडण वेगळी आहे म्हणून. 'पाऊस आला तर मी येणार नाही' या वाक्यात 'आला' हे रूप भूतकाळाचे दिसते आणि अर्थ भविष्याचा आहे. इंग्रजीला तिथे वर्तमानकाळ हवा असतो : 'इफ इट रेन्स, आय वोंट कम'. अर्थाच्या मागे जाणारा विद्यार्थी 'इफ इट विल रेन' म्हणून बसतो.

खरी गुंतागुंत काल्पनिक वाक्यांत आहे. 'पैसे असते तर घर घेतले असते' हे वाक्य मराठीत दोन अर्थांनी येते. आज पैसे नाहीत म्हणून घर घेत नाही, हा एक अर्थ. त्या वेळी पैसे नव्हते म्हणून घेतले नाही, हा दुसरा. संदर्भावरून आपल्याला ते कळते. इंग्रजीला मात्र हा भेद रूपातच दाखवावा लागतो. पहिल्या अर्थासाठी 'इफ आय हॅड द मनी, आय वुड बाय अ हाउस', आणि दुसऱ्यासाठी 'इफ आय हॅड हॅड द मनी, आय वुड हॅव बॉट अ हाउस'. सलग आलेले दोन 'हॅड' पाहून अनेकांना छपाईची चूक वाटते. ती चूक नाही. पहिला 'हॅड' सहायक क्रियापद आहे आणि दुसरा मुख्य.

मराठीत 'असते' दोन्ही बाजूंना येते, 'तू आला असतास तर मी गेलो असतो', आणि त्या समतोलाची सवय इंग्रजीत उतरते : 'इफ यू वुड हॅव कम, आय वुड हॅव गॉन'. प्रमाण लेखी इंग्रजीत 'इफ'च्या बाजूला असा 'वुड' बसत नाही. 'इफ यू हॅड कम, आय वुड हॅव गॉन' हे योग्य रूप दहावीस वेळा मोठ्याने म्हणावे, कारण कानाला लागलेली समतोलाची सवय नुसत्या नियमाने सुटत नाही.

'असेल', 'नको', 'नये' यांची इंग्रजी रूपे कोणती?

'दिवे बंद आहेत, ते झोपले असतील' असे आपण म्हणतो आणि 'कोण जाणे, झोपले असतील' असेही म्हणतो. पहिल्यात जवळजवळ खात्री आहे, दुसऱ्यात नुसती शक्यता. 'असतील' दोन्हीकडे तोच. इंग्रजी खात्रीसाठी 'दे मस्ट हॅव गॉन टू बेड' आणि शक्यतेसाठी 'दे माइट हॅव गॉन टू बेड' म्हणते. ते झोपणे शक्यच नाही असे सांगायचे असेल तर 'कान्ट हॅव'. इथे एक सावधगिरी हवी. 'त्याला जावे लागले' याचे इंग्रजी 'ही मस्ट हॅव गॉन' नव्हे, 'ही हॅड टू गो' आहे. 'मस्ट हॅव' सक्ती दाखवत नाही, अनुमान दाखवतो.

नकाराच्या बाबतीत मराठी पुरेशी बारीक आहे, आणि तिचा फायदा घ्यावा. 'उद्या यायला नको' म्हणजे येण्याची गरज नाही : 'यू डोन्ट हॅव टू कम टुमॉरो'. 'उद्या येऊ नये' म्हणजे येण्यास मनाई आहे : 'यू मस्ट नॉट कम टुमॉरो'. वरिष्ठाने ईमेलमध्ये या दोन वाक्यांची अदलाबदल केली तर अर्थ सरळ उलटतो, तरीही हा भेद परीक्षांच्या तयारीत फार वरवर शिकवला जातो.

'अ' आणि 'द' कधी लावायचे, याचा काही सोपा नियम आहे का?

सोपा नियम नाही, पण मराठीत एक दार आहे. 'खोलीत माणूस आहे' आणि 'माणूस खोलीत आहे' ही दोन वाक्ये पाहावीत. पहिल्यात माणूस नवा आहे, कोणीतरी आहे. दुसऱ्यात आपण ज्याच्याविषयी बोलत होतो तोच माणूस आहे. उपपद नसूनही आपण हा भेद शब्दक्रमाने दाखवतो. इंग्रजीत पहिले वाक्य 'देअर इज अ मॅन इन द रूम' असे होते आणि दुसरे 'द मॅन इज इन द रूम' असे. म्हणजे 'ठाऊक' आणि 'नवे' यांतला फरक मराठी माणसाला मुळातच कळतो. तो 'अ' आणि 'द' यांनी नोंदवायची सवय तेवढी नसते. शंका आली की मराठी वाक्यात 'तो', 'ती', 'ते' घालून पाहावे. ते खपले तर बहुधा 'द' लागतो, 'कोणीतरी' किंवा 'एखादा' खपले तर 'अ'.

दोन ठिकाणी हे दार उपयोगाचे नाही. सर्वसाधारण अमूर्त कल्पनांना 'द' लागत नाही, त्यामुळे 'द लाइफ इज डिफिकल्ट' चुकीचे. आणि 'ॲडव्हाइस', 'इन्फर्मेशन', 'इक्विपमेंट', 'फर्निचर' ही नामे इंग्रजीत मोजलीच जात नाहीत, त्यामुळे 'ॲन ॲडव्हाइस' किंवा 'इक्विपमेंट्स' असे म्हणता येत नाही. मराठीत 'एक सल्ला' आणि 'उपकरणे' ही रूपे सहज चालतात, म्हणून ही यादी पाठच करावी लागते.

'कॅन यू टेल मी व्हेअर इज द स्टेशन' हे वाक्य चूक कसे?

मराठीत प्रश्न विचारताना शब्दांची जागा बदलत नाही. 'स्टेशन कुठे आहे?' आणि 'स्टेशन कुठे आहे ते सांगाल का?' यांत पहिले तीन शब्द जसेच्या तसे राहतात. इंग्रजीत सरळ प्रश्नात क्रियापद पुढे येते आणि प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की ते पुन्हा आपल्या जागी जाते : 'कॅन यू टेल मी व्हेअर द स्टेशन इज'.

दुसऱ्याचे बोलणे सांगतानाही असाच घोळ होतो. 'तो म्हणाला की मी उद्या येतो' या मराठी वाक्यात 'मी' म्हणजे तोच. 'ही सेड दॅट आय ॲम कमिंग टुमॉरो' असे म्हटले की इंग्रजी ऐकणारा समजतो, येणारे तुम्ही आहात. 'ही सेड दॅट ही वॉज कमिंग द नेक्स्ट डे' असे सर्वनाम, काळ आणि दिवस, तिन्ही बदलावे लागतात.

केस कापून घेतले, गाडी धुऊन घेतली, हे कसे सांगावे?

'आय कट माय हेअर' याचा अर्थ मी स्वतःच कात्री चालवली असा होतो. मराठीच्या 'करून घेणे' या रचनेसाठी इंग्रजीत 'हॅव' किंवा 'गेट' आहे : 'आय हॅड माय हेअर कट', 'आय ॲम गेटिंग द कार वॉश्ट', 'वी हॅड द हाउस पेंटेड'. बी-टूच्या अभ्यासक्रमात ही रचना हमखास असते आणि मराठी भाषकाला ती इतरांपेक्षा लवकर कळते.

'अबाउट', 'विथ', 'ऑन' यांच्या चुका कशा टाळाव्यात?

त्या मराठी प्रत्ययांतूनच आलेल्या असतात. 'विषयाबद्दल चर्चा केली' यावरून 'डिस्कस्ड अबाउट', 'त्याच्याशी लग्न केले' यावरून 'मॅरीड विथ हिम', 'माझ्यावर रागावली' यावरून 'अँग्री ऑन मी'. इंग्रजीत अनुक्रमे 'डिस्कस्ड द मॅटर', 'मॅरीड हिम' आणि 'अँग्री विथ मी'. उलट 'डिपेंड ऑन' आणि 'वर अवलंबून' यांची जोडी तंतोतंत जुळते. जुळणाऱ्या जोड्या पाठ करण्यात वेळ घालवू नये. न जुळणाऱ्या तेवढ्या वहीत उतरवाव्यात.

किती शब्द यायला हवेत?

न्यूझीलंडचे भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन यांनी 2006 मध्ये मांडलेला हिशेब असा की कादंबरी किंवा वर्तमानपत्र कोणाच्याही मदतीशिवाय वाचायचे तर आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबे लागतात, आणि बोललेले समजून घ्यायला सहा ते सात हजार. शब्दकुटुंब म्हणजे 'डिसाइड', 'डिसिजन', 'डिसायसिव्ह', 'इनडिसायसिव्ह' असा गोतावळा. बी-टूसाठी एवढे सगळे आवश्यक नाहीत. मायकेल वेस्ट यांनी 1953 मध्ये सुमारे दोन हजार अत्यावश्यक शब्दांची यादी सिद्ध केली. तिचे मूळ फाळणीपूर्व बंगालमधल्या त्यांच्या शिक्षकी अनुभवात आहे, ही आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नसलेली गोष्ट. ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली त्यापलीकडच्या 570 शैक्षणिक शब्दकुटुंबांची यादी केली, आणि विद्यापीठीय लेखनातले जवळपास दहा टक्के शब्द तिच्यात सापडतात. उच्च शिक्षणासाठी इंग्रजी हवे असेल तर ही दुसरी यादी आधी घ्यावी. ज्यांना कार्यालयातले आणि रस्त्यावरचे बोलणे सुधारायचे आहे त्यांनी तिच्या वाटेला न जाता नेहमीचे साधे शब्द खोलात शिकावेत.

खोलात म्हणजे काय?

शब्द कोणाच्या सोबतीने येतो हे जाणणे. मराठीत विद्यार्थी परीक्षा 'देतो' आणि शिक्षक 'घेतो'; इंग्रजीत विद्यार्थी ती 'टेक' किंवा 'सिट' करतो आणि 'गिव्ह' शिक्षकाकडे जाते. 'आय गेव्ह माय एक्झाम' यामागे ही अदलाबदल आहे. 'आज सकाळी' म्हणजे 'धिस मॉर्निंग', 'टुडे मॉर्निंग' नव्हे. 'काल रात्री' म्हणजे 'लास्ट नाइट'. डोके दुखते तेव्हा 'माय हेड इज पेनिंग' न म्हणता 'आय हॅव अ हेडेक' म्हणावे. कडक चहाला 'स्ट्राँग', मुसळधार पावसाला 'हेवी'.

मराठीत मुरलेले इंग्रजी शब्द अधिक धोक्याचे आहेत, कारण ते आपल्याला येतात असे आपण धरून चालतो. 'माझे मिस्टर' हे अस्सल मराठी आहे. इंग्रजीत नवऱ्याला 'माय मिस्टर' म्हणत नाहीत. आपल्या 'हॉटेला'त मिसळ मिळते. इंग्रजी 'होटेल'मध्ये माणूस मुक्कामाला उतरतो, आणि मिसळीसाठी 'रेस्टॉरंट' किंवा 'कॅफे' शोधतो. 'लाइट गेली' याचे 'द लाइट हॅज गॉन' केले तर दिवा गेला असे वाटेल, त्याला 'द पॉवर इज आउट' म्हणतात. वर्गात 'सर, आय हॅव अ डाउट' असे आपण शंका विचारताना म्हणतो. ब्रिटिश किंवा अमेरिकन प्राध्यापकाला त्यातून प्रश्न ऐकू येत नाही, अविश्वास ऐकू येतो. तिथे 'क्वेश्चन' हाच शब्द बरा.

शिकलेले शब्द विसरले जातात. काय करावे?

विसरणे अपेक्षितच आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवले की पाठ केलेले सुरुवातीला झपाट्याने विसरले जाते आणि अंतराअंतराने केलेली उजळणी ते टिकवून धरते. शब्द त्याच दिवशी, मग दोन दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने पाहावा. नुसता अर्थ लिहू नये, स्वतःच्या आयुष्यातले एक खरे वाक्य लिहावे. केंब्रिजच्या ऑनलाइन शब्दकोशात पुष्कळ शब्दांपुढे त्यांची पातळी दिलेली असते; बी-टूची खूण असलेला अनोळखी शब्द आधी घ्यावा, सी-टूचा नंतर.

फ्रेझल व्हर्ब्ज, म्हणजे क्रियापदाला 'अप', 'आउट' असा शब्द जोडून होणारे प्रयोग, कसे शिकावेत? ते तर असंख्य आहेत.

मराठी संयुक्त क्रियापदे आठवावीत. लिहून घे, लिहून दे, लिहून टाक, लिहून काढ, लिहून ठेव. लिहिणे एकच, दुसरा शब्द त्याला दिशा आणि छटा देतो. 'टाक' कामातून मोकळे होणे सुचवतो, 'ठेव' पुढच्या उपयोगासाठी राखणे सुचवतो. हे आपल्याला कोणी शिकवलेले नसते. इंग्रजीत हे काम 'अप', 'ऑफ', 'आउट', 'डाउन' करतात. 'ईट अप', 'यूज अप', 'टेअर अप' यांत 'अप' संपवून टाकण्याची छटा देतो, तर 'रन आउट ऑफ मिल्क', 'सोल्ड आउट', 'डाय आउट' यांत 'आउट' शिल्लक न राहण्याची. त्यामुळे 'टेक'चे वीस अर्थ एका यादीत पाठ करण्यापेक्षा 'आउट'ची दहा क्रियापदे एकत्र मांडावीत. सगळी त्या छटेत बसणार नाहीत, आणि 'टर्न डाउन' म्हणजे नाकारणे किंवा 'पुट अप विथ' म्हणजे निमूट सोसणे, हे अर्थ वेगळे शिकावेच लागतील.

रचनेचा एक नियम मात्र पक्का आहे. 'टर्न डाउन'सारखे दोन शब्द वेगळे होऊ शकत असतील तर सर्वनाम मध्येच येते : 'दे टर्न्ड इट डाउन'. 'टर्न्ड डाउन इट' कधीच नाही.

आपल्या शाळांतले इंग्रजी पुस्तकी असल्याने आपल्याला 'पोस्टपोन' आणि 'टॉलरेट' येतात, 'पुट ऑफ' आणि 'पुट अप विथ' येत नाहीत. मराठीतही 'स्थगित करणे' सूचनाफलकावर शोभते आणि घरात आपण 'पुढे ढकलले' असेच म्हणतो. घरगुती इंग्रजी घरगुती क्रियापदांनीच बोलले जाते.

म्हणी आणि वाक्प्रचार पाठ करावेत का?

'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' पाठ करण्यात वेळ घालवू नये. तो ओळखता आला तरी पुरे, कारण आजच्या बोलण्यात तो क्वचितच येतो. त्याऐवजी संभाषण पुढे नेणारे छोटे तुकडे तोंडात बसवावेत : 'इट डिपेंड्स', 'आय सी व्हॉट यू मीन', 'ॲज फार ॲज आय नो', 'कम टू थिंक ऑफ इट', 'वी मे ॲज वेल वेट', 'आय वुड रादर नॉट'. मौखिक परीक्षेत यांनी विचार करायला दोन क्षण मिळतात आणि बोलणे तुटत नाही.

माझे इंग्रजी शुद्ध असूनही लोकांना ते उद्धट का वाटते?

मराठीत आदर सर्वनामात आणि क्रियापदाच्या शेपटीत असतो : 'तुम्ही द्याल का', 'आपण द्यावे', 'जरा देता का'. इंग्रजीला 'यू' एकच आहे, त्यामुळे तिथे सौजन्य दुसरीकडून आणावे लागते, म्हणजे 'कुड', 'वुड' आणि भूतकाळी रूपांतून. 'सेंड मी द रिपोर्ट, प्लीज' हा नम्र शब्द जोडलेला आदेशच राहतो. 'आय वॉज वंडरिंग इफ यू कुड सेंड मी द रिपोर्ट' ही विनंती होते. नकारालाही उशी लागते, म्हणून 'यू आर राँग' ऐवजी 'आय ॲम नॉट शुअर दॅट इज राइट'.

'वुड यू माइंड ओपनिंग द विंडो?' या प्रश्नाचे उत्तर जपून द्यावे. त्याचा शब्दशः अर्थ 'तुमची हरकत आहे का' असा आहे, तेव्हा खिडकी उघडायला तयार असाल तर 'नॉट ॲट ऑल' म्हणायचे. तसेच 'डोन्ट यू लाइक टी?' याला मराठीत 'हो, नाही आवडत' चालून जाते. इंग्रजीत 'नो, आय डोन्ट' असेच म्हणावे लागते. आपल्या 'ना?'साठी सगळीकडे 'इझन्ट इट' वापरणेही थांबवावे : 'यू आर कमिंग, आरन्ट यू?'

भारतीय इंग्रजी चुकीचे आहे का?

नाही. ब्रज काच्रू यांच्यासारख्या अभ्यासकांनी ती स्वतंत्र, नियमबद्ध बोली असल्याचे कधीच मांडले आहे, आणि 'प्रीपोन' ऑक्सफर्डच्या शब्दकोशात पोहोचला आहे. पुण्याच्या कार्यालयातून नागपूरच्या कार्यालयाला 'काइंडली डू द नीडफुल' लिहिले तर कोणाचे काही बिघडत नाही. पण लंडनच्या मुलाखतीत 'आय पास्ड आउट इन 2018' म्हटले तर तुम्ही बेशुद्ध पडलात असे समजले जाईल. 'आय ग्रॅज्युएटेड' म्हणावे. वाचणारा कोण आहे, यावर निवड करावी.

उच्चार किती महत्त्वाचे आहेत?

मराठी वळण राहिले तरी बिघडत नाही, पण शब्दातला आघात चुकला की शब्दच ओळखू येत नाही. 'फोटोग्राफ'मध्ये पहिल्या अवयवावर, म्हणजे उच्चाराच्या पहिल्या तुकड्यावर, जोर आहे, 'फोटोग्राफर'मध्ये दुसऱ्यावर, 'फोटोग्राफिक'मध्ये तिसऱ्यावर. 'रेकॉर्ड' नाम असेल तर जोर आधी, क्रियापद असेल तर नंतर. 'वेस्ट' म्हणजे पश्चिम आणि 'वेस्ट' म्हणजे बनियन, हे दोन्ही आपण एकाच 'व'ने लिहितो. इंग्रजीत पहिल्याला ओठ गोल होतात, दुसऱ्याला वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. या पानावरचे नमुने देवनागरीत आहेत ते ओळखीपुरते; देवनागरी आघात दाखवत नाही, म्हणून तिच्यावरून उच्चार पाठ करू नयेत.

परीक्षा द्यावी का?

परदेशी प्रवेशासाठी किंवा व्हिसासाठी लागत असेल तर संबंधित संस्था मागेल तीच द्यावी. आयईएलटीएसचा निकाल साधारणपणे दोन वर्षे ग्राह्य धरला जातो. केवळ स्वतःला जोखायचे असेल तर केंब्रिजची बी-टू फर्स्ट बरी. तिच्यात वाचन आणि भाषेच्या वापरासाठी सव्वा तास, लेखनासाठी एक तास वीस मिनिटे, श्रवणासाठी सुमारे चाळीस मिनिटे, आणि दोन उमेदवारांचे मिळून चौदा मिनिटांचे संभाषण असते. उत्तीर्ण होण्यास 160 गुण लागतात. तिच्या पहिल्या भागातील वाक्य-रूपांतराचे प्रश्न, ज्यांत दिलेला शब्द न बदलता तोच अर्थ दुसऱ्या रचनेत सांगायचा असतो, ते परीक्षा द्यायची नसली तरी सोडवावेत.

एकट्याने रोज करता येईल असा सराव कोणता?

दुहेरी भाषांतर. एखाद्या चांगल्या इंग्रजी वृत्तपत्रातला किंवा बीबीसीच्या संकेतस्थळावरचा सहा-सात वाक्यांचा उतारा घ्यावा आणि त्याचे सहज मराठी करावे. इंग्रजी उतारा दोन दिवस बाजूला ठेवून, फक्त आपल्या मराठीवरून, तो पुन्हा इंग्रजीत लिहावा आणि मूळाशी ताडून पाहावा. मूळापेक्षा वेगळे पण बरोबर असलेले वाक्य चूक मानू नये. खात्री नसेल तर ती रचना शब्दकोशातल्या उदाहरणांत आढळते का ते पाहावे. उरलेले फरक तीन रकान्यांत लिहावेत : काळ, उपपद आणि शब्दांची सोबत. दोनतीन आठवड्यांत एक रकाना बाकीच्यांपेक्षा बराच लांब झालेला दिसतो, आणि पुढच्या महिन्याच्या व्याकरणाची सुरुवात त्याच रकान्यापासून करावी.